हिशेबाबाहेरचं इंधन

जगात सर्वाधिक खनिज तेल जाळणारी संस्था म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं. २०१७ या आर्थिक वर्षात त्याची विमानं, जहाजं, रणगाडे आणि तळ यांनी साडेआठ कोटी पिंपांहून जास्त इंधन वापरलं. बिल झालं सुमारे ८२० कोटी डॉलर.

यावर कार्बन-शुल्क लावलं तर? एका पिंपातून साधारण ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एकूण साडेतीन कोटी टनांच्या वर. बायडेन सरकारने २०२१ मध्ये एका टनाने होणारं नुकसान ५१ डॉलर धरलं. त्या दराने शुल्क होतं १८० कोटी डॉलरच्या घरात. इंधनाच्या बिलात ही पाचव्या हिश्श्याहून मोठी भर आहे. पण साठ हजार कोटी डॉलरच्या संरक्षण खर्चात हजारामागे जेमतेम तीन डॉलर. शिवाय पैसा सरकारकडून सरकारकडेच जाणार. तेवढ्याने एखादं लढाऊ विमान जमिनीवर राहील, असं मला वाटत नाही.

तरीही खरी किंमत कागदावर येण्याने फरक पडतो, आणि त्याचा दाखला लष्करातच आहे. अफगाणिस्तानातल्या दुर्गम चौक्यांवर पोहोचेपर्यंत इंधन गॅलनला ४०० डॉलरपर्यंत पडू शकतं, असं पेंटागॉनने २००९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीला सांगितलं. लष्कराच्याच अभ्यासानुसार २००७ साली तिथे इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मारला जात होता किंवा जखमी होत होता. इराकमध्ये तंबू गार ठेवायला जनरेटर सतत डिझेल जाळत. मग तंबूंवर फोमचा थर फवारला गेला आणि डिझेल वाचलं. पंपावरच्या दराने हा फोम महाग वाटला असता. वाहतूक आणि रस्त्यात सांडणारं रक्त धरलं, की तो स्वस्तच ठरतो.

कार्बनच्या बाबतीत असा हिशेब होऊ नये, याची तजवीज १९९७ च्या क्योटो हवामान करारात झाली. अमेरिकेच्या आग्रहामुळे बहुराष्ट्रीय लष्करी मोहिमांचं उत्सर्जन देशांच्या बेरजेतून वगळलं गेलं. २०१५ च्या पॅरिस करारानंतर ही सरसकट सूट उरली नाही, पण लष्करी उत्सर्जनाची नोंद देणं ऐच्छिक राहिलं. युरोपच्या कार्बन बाजारात विमान कंपन्यांना उत्सर्जनाचे परवाने दाखवावे लागतात. लष्करी उड्डाणं त्यातून मोकळी आहेत. २०२२ मध्ये संशोधकांनी जगातल्या सगळ्या सैन्यांचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या ५.५ टक्के धरला, तोही तुटपुंज्या आकडेवारीवरून. शुल्क ५१ डॉलर असावं की जास्त, हा वाद पुढचा. त्याआधी प्रत्येक सैन्याला आपण जाळलेल्या इंधनाची नोंद देणं सक्तीचं करायला हवं.