हौशी रेडिओ केंद्राचा राउटर : मढच्या किनाऱ्यावरून तीन दशकांचा मागोवा

हौशी रेडिओ, म्हणजे बोलीत ज्याला हॅम रेडिओ म्हटले जाते तो छंद, परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी परवाना मिळवलेल्या व्यक्तीला ठरावीक कंप्रता-पट्ट्यांत स्वतःच्या संचावरून, कोणत्याही आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता, जगभरच्या इतर परवानाधारकांशी संपर्क साधण्याची मुभा देतो. भारतात हा परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग ही शाखा देते, आणि १८८५ चा तार कायदा व १९७८ चे हौशी सेवेचे नियम ही त्याची दीर्घकाळची कायदेशीर चौकट राहिली आहे. अशा केंद्राचा विचार करताना संच, अँटेना आणि वीजपुरवठा या तीन अंगांचीच चर्चा पूर्वी होत असे. घरातील अनेक उपकरणांना इंटरनेटच्या एकाच जोडणीवर आणणारा आणि आतल्या-बाहेरच्या माहितीची वाट ठरवणारा राउटर हे त्याचे चौथे अंग १९९५ नंतरच्या तीस वर्षांत हळूहळू घडत गेले. या काळात राउटर निवडण्याचे निकष वारंवार बदलले, आणि त्या बदलांमागे राउटरच्या वेगापेक्षा घरापर्यंत येणारी तार कोणत्या जातीची आहे आणि घराचा इंटरनेट-पत्ता कोणाच्या ताब्यात आहे, या दोन गोष्टींचा वाटा मोठा होता.

हा मागोवा घेण्यासाठी मुंबई उपनगर जिल्ह्यातील मढ हे उपयुक्त ठिकाण आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मालाडची खाडी, उत्तरेकडून मार्वे-एरंगळमार्गे येणारा एकच मुख्य रस्ता आणि दक्षिणेला वर्सोव्याशी जोडणारी फेरीबोट अशी त्याची रचना आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता सामान्य जमिनीच्या शेकडो ते हजारो पट असल्यामुळे किनाऱ्यालगत उभारलेल्या उभ्या अँटेनाच्या लहरी क्षितिजालगतच्या कमी कोनातही जोमाने बाहेर पडतात, आणि दूरच्या संपर्कासाठी हाच कोन महत्त्वाचा असतो. शिवाय अंधेरी-बोरिवलीच्या दाट वस्तीतील लिफ्ट, एलईडी दिवे आणि चार्जर यांच्यामुळे लघुलहरींवर जो अखंड खरखराट ऐकू येतो, तो विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर कमी असण्याची शक्यता असते. कोळीवाड्यामुळे बिनतारी संच या गावाला परकाही नाही. मात्र मासेमारी नौकांवरील १५६ मेगाहर्ट्झच्या आसपासचे सागरी संच आणि हौशींचा १४४ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा पट्टा या कायद्याने संपूर्णपणे वेगळ्या सेवा आहेत. या अनुकूलतेची दुसरी बाजू अशी की खारी हवा धातूचे जोड खाते, पावसाळ्यात वीज जाते, आणि वस्ती रस्त्याच्या शेवटी असल्याने रस्त्यात तार तुटली तर पर्यायी मार्ग सहसा नसतो.

हौशी रेडिओ आणि संगणकजाळे यांचा संबंध घरगुती इंटरनेटपेक्षा जुना आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतील हौशी हँक मॅग्नुस्की यांच्या प्रयत्नाने ४४ या अंकाने सुरू होणारे सर्व, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख इंटरनेट-पत्ते जगभरातील हौशींसाठी राखले गेले. त्या दशकात पॅकेट रेडिओ ही पद्धत रूढ झाली. तीत मजकुराचे लहान तुकडे करून ते बहुधा सेकंदाला १२०० बिट या वेगाने बिनतारी पाठवले जात. फिल कार्न यांनी त्यांच्या केए९क्यू या कॉल साइनच्या, म्हणजे परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळखचिन्हाच्या, नावाने ओळखली जाणारी प्रणाली लिहिली आणि साध्या घरगुती संगणकाला इंटरनेटची भाषा बोलणारा राउटर बनवले. म्हणजेच हौशींच्या जगात पहिला राउटर हा विकत आणलेला डबा नव्हता. तो संगणकावर चालणारा, उघडता आणि बदलता येणारा कार्यक्रम होता. पुढील सर्व निवडींत ही परंपरा डोकावत राहते.

भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाच्या सेवेद्वारे खुले झाले आणि मुंबई हे त्याच्या पहिल्या शहरांपैकी एक होते. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडणी करायची, ती एकाच संगणकापुरती, आणि जोडणी चालू असेपर्यंत घरचा फोन अडकलेला, अशा त्या व्यवस्थेत राउटरची गरजच उद्भवत नव्हती. तरीही पुढच्या काळाला वळण देणारी कल्पना तोपर्यंत मांडली गेली होती: मे १९९४ मध्ये वर्णन झालेल्या पत्ता-रूपांतर पद्धतीनुसार, जिला तंत्रज्ञ ‘नॅट’ म्हणतात, घरातील अनेक यंत्रे खासगी पत्ते वापरतात आणि बाहेर मात्र एकाच सार्वजनिक पत्त्याने दिसतात. त्यामुळे पत्त्यांची बचत झाली. पण बाहेरून कोणी आपणहून घरातील यंत्राशी संपर्क साधू पाहिला, तर त्याला कोठे पाठवायचे हे राउटरला आधी सांगून ठेवणे भाग पडले.

हौशींना ही अडचण २००२ नंतर प्रकर्षाने जाणवली, कारण त्या वर्षी जोनाथन टेलर यांनी तयार केलेली एकोलिंक ही प्रणाली प्रसारात आली. तिच्यामुळे दूरच्या शहरातील रिपीटरशी, म्हणजे दुर्बळ संकेत पकडून ते पुन्हा जोमाने प्रसारित करणाऱ्या केंद्राशी, इंटरनेटमार्गे आवाज जोडता येऊ लागला. त्यासाठी यूडीपी प्रकारची ५१९८ आणि ५१९९ ही दोन दारे, म्हणजे पोर्ट, बाहेरून आत उघडी लागत आणि टीसीपी प्रकारचे ५२०० हे आतून बाहेर. बाहेरून आलेली माहिती ठरावीक संगणकाकडे वळवण्याच्या या सोयीला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. ‘राउटर कोणता घ्यावा’ या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यातून मिळाले: दारे स्वतः उघडू देणारा आणि केंद्राच्या संगणकाचा आतला पत्ता कायम ठेवणारा.

याच सुमारास उपनगरांत दोन प्रकारच्या जोडण्या आल्या. एक होती केबलवाल्याने इमारतींच्या गच्च्यांवरून ओढलेली तार. अशा जोडणीत ग्राहकाला अनेकदा खासगी पत्ताच मिळे आणि सेवा एका संगणकाच्या हार्डवेअर-क्रमांकाशी बांधलेली असे, म्हणून त्या क्रमांकाची नक्कल करू शकणारा राउटर शोधावा लागे. दुसरी होती महानगर टेलिफोन निगमची टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरील एडीएसएल सेवा. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाच्या कायम चालू जोडणीला ब्रॉडबँड ठरवले होते, आणि जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त केल्याने घरात वाय-फाय राउटर ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला.

मात्र तांब्याच्या तारेने हौशींपुढे रेडिओ-गोंगाटाचा नवा प्रश्न उभा केला. एडीएसएलच्या सुधारित प्रकारात सुमारे २२०० किलोहर्ट्झपर्यंतच्या कंप्रता वापरल्या जातात आणि भारतातील १६० मीटरचा हौशी पट्टा १८२० किलोहर्ट्झपासून सुरू होतो. साहजिकच तारेतून निसटलेला संकेत रेडिओत खरखराट म्हणून ऐकू येऊ शकतो, आणि उलट शंभर वॅटचे प्रसारण सुरू होताच मोडेमची जोडणी तुटू शकते. तारेवर फेराइटची कडी चढवणे, तारेची लांबी कमी करणे आणि अँटेना तिच्यापासून दूर नेणे हे त्यावरचे उपाय होत. राउटरकडे रेडिओ-गोंगाटाचा स्रोत म्हणून पाहण्याची दृष्टी या काळाने दिली.

आणखी एक धडा २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने दिला. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, उपनगरांत वीज गेली आणि दूरध्वनी सेवा कोलमडली. बॅटरीवर चालणारा संच अशा वेळी कामाचा राहतो, पण भिंतीतील विजेवर अवलंबून असलेला राउटर पहिल्याच मिनिटाला बंद पडतो. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि हौशी केंद्राचा वीजपुरवठा सामान्यतः १३.८ व्होल्टचा असतो. त्यामुळे निवेश-व्होल्टतेची मर्यादा रुंद असलेला राउटर थेट केंद्राच्या बॅटरीवर चालवता येतो, आणि तशी मर्यादा नसलेल्याला मध्ये नियामक द्यावा लागतो. २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते ही वादळे किनाऱ्याजवळून गेली, तेव्हा हा निकष पुन्हा अधोरेखित झाला.

दरम्यान राउटर पुन्हा उघडता येऊ लागला होता. २००२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स ही मुक्त परवान्याची प्रणाली वापरलेली असल्याने कंपनीला त्याचा स्रोत-संकेत खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. अमेरिकी हौशींनी याच राउटरवर स्वतःची प्रणाली चढवून आपत्काळासाठी परस्परांत गुंफलेली बिनतारी जाळी उभारली. दुकानातील स्वस्त डबा कंपनीने दिलेल्या कामापुरता मर्यादित नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

पुढचे दशक मात्र पत्त्यांच्या टंचाईचे ठरले. १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-पॅसिफिक विभागातील जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मुक्त साठा संपला, आणि २०१२ मध्ये १००.६४ ने सुरू होणारा एक पत्तासमूह सेवादात्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखला गेला. सेवादाता स्वतःच शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो, या व्यवस्थेला कॅरियर-ग्रेड नॅट म्हणतात. ग्राहकाने आपल्या राउटरवर कितीही दारे उघडली तरी त्यापुढचे फाटक सेवादात्याच्या हातात असते, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा निकष येथे निष्प्रभ होतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतात आयपीव्ही६ ही नव्या, विपुल पत्त्यांची पद्धत झपाट्याने पसरली. पण एकोलिंकसारख्या जुन्या प्रणाली जुन्याच पत्त्यांवर बेतलेल्या असल्याने हौशींचा प्रश्न त्यामुळे पूर्णपणे सुटला नाही.

हौशींनी यावर दोन वाटा काढल्या. पहिली वाट अशी की संपर्क नेहमी आतून बाहेर सुरू करायचा: डिजिटल आवाजासाठी वापरले जाणारे हॉटस्पॉट, म्हणजे टेबलावर मावणारे अत्यल्प शक्तीचे केंद्र, स्वतःहून दूरच्या सर्व्हरला जोडून घेते आणि त्यामुळे त्याला उघड्या दाराची गरज सहसा पडत नाही. २०१७ मध्ये आलेल्या एफटी८ या दुर्बळ संकेतांच्या पद्धतीला तर इंटरनेटकडून मुख्यतः अचूक वेळ हवी असते, कारण तिचे प्रसारण १५ सेकंदांच्या ठरलेल्या कप्प्यांत चालते आणि संगणकाचे घड्याळ एक-दोन सेकंदांनी चुकले तरी संपर्क जमत नाही. राउटरनेच घरातील सर्व यंत्रांना वेळ पुरवली, तर जोडणी तुटल्यावरही ती परस्परांशी मेळ राखतात. दुसरी वाट बोगद्याची, म्हणजे दूरच्या सार्वजनिक पत्त्यापर्यंत गुप्त मार्ग बांधण्याची. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या वायरगार्डमुळे हा मार्ग साध्या राउटरवरही सुकर झाला.

४४ च्या पत्त्यांचा इतिहासही येथे येऊन मिळतो. २०१९ मध्ये त्यांचा सांभाळ करणाऱ्या अमेरिकेतील अमॅच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स या संस्थेने त्यांतील एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे ४२ लाख पत्ते ॲमेझॉनला विकले. उरलेले पत्ते आजही परवानाधारकाला विनामूल्य मागता येतात. मात्र ते वापरण्याच्या जुन्या पद्धतीत माहितीचे एक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवले जाते, आणि सेवादात्याने दिलेले साधे राउटर ही पाकिटे बहुधा ओळखत नाहीत. ओपनडब्ल्यूआरटी किंवा मायक्रोटिक कंपनीचे राउटर यांच्याकडे हौशींचा ओढा असण्याचे हे एक ठोस कारण आहे. अधिक क्षमतेसोबत अधिक जबाबदारी येते, हेही २०१८ ने दाखवले: त्या वर्षी उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर या घातक प्रणालीने ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणे बाधित केली होती, आणि त्यांत हौशींच्या पसंतीच्या कंपन्यांचे राउटरही होते.

आज तांब्याची जागा काचतंतूने घेतली आहे. काचतंतू रेडिओ-लहरी सोडत नाही आणि पकडतही नाही, शिवाय बाहेरून आलेल्या विजेच्या लोटाला तो वाट देत नाही. पावसाळी गडगडाटाच्या किनाऱ्यावर हा लाभ मोठा आहे. गोंगाट आता राउटरच्या स्वस्त अडॅप्टरमधून आणि आतल्या इथरनेट तारांतून येतो. तो ओळखण्यासाठी संच बॅटरीवर चालवून घरातील उपकरणे एकेक करून बंद करत जावे, आणि दोषी तारेवर योग्य मिश्रणाच्या फेराइटचे अनेक वेढे द्यावेत. सेवादात्याच्या काचतंतू-पेटीत राउटर अंतर्भूत असल्याने त्यामागे स्वतःचा राउटर लावल्यास पत्त्यांचे दुहेरी रूपांतर होते, म्हणून त्या पेटीला ब्रिज अवस्थेत, म्हणजे केवळ माहिती पुढे सरकवण्याच्या कामापुरते, ठेवण्याची विनंती करावी लागते. ऑक्टोबर २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचे विस्तृत पट्टे मोकळ्या जागेतही परवानामुक्त झाल्यामुळे अँटेनाजवळच्या खोलीपर्यंत तार न ओढता दुवा बांधता येतो. त्यामुळे संच मढला आणि चालवणारा अंधेरीत, अशी दूरनियंत्रित मांडणीही तांत्रिकदृष्ट्या आवाक्यात आली आहे. तिच्यासाठी निव्वळ वेगापेक्षा विलंबाची स्थिरता महत्त्वाची असते, आणि माहितीच्या रांगेचे शहाणपणाने नियोजन करणारा राउटर लागतो. अशी मांडणी आणि रेडिओला इंटरनेटशी जोडण्याचा कोणताही प्रकार हे दोन्ही परवान्याच्या अटी तपासूनच करावेत.

तीस वर्षांचा निष्कर्ष असा की हौशी केंद्रासाठी राउटर निवडताना खोक्यावर छापलेला वेग सर्वांत शेवटी पाहावा. सेवादाता सार्वजनिक पत्ता देतो का, हे आधी विचारावे. तो देत नसेल तर बोगदा बांधू शकणारा राउटर घ्यावा. तो केंद्राच्या बॅटरीवर चालतो का, त्याच्या अडॅप्टरचा गोंगाट संचात ऐकू येतो का आणि त्याच्या प्रणालीला नियमित सुधारणा मिळतात का, हे खरेदी पक्की करण्यापूर्वी तपासावे. या चार कसोट्यांना उतरणारा मध्यम किमतीचा राउटर मढच्या केंद्राला महागड्या, अनेक अँटेनांच्या राउटरपेक्षा अधिक काळ साथ देईल.