नियम पाळणारी जादू

सुरुवातीलाच एक कोडे घालतो.

एका मुलीला कोठडीत टाकले आहे. कोठडी लाकडाची. आत माठ नाही, नळ नाही, भिंतीला ओलसुद्धा नाही. या मुलीला एक विद्या येते. नुसत्या हातवाऱ्यांनी ती पाणी हलवू शकते. पण पाणी निर्माण मात्र करता येत नाही; आसपास जे असेल तेवढेच हलवता येते. तिच्याबरोबर आणखी एक मुलगी आहे. तिला दगडमाती हलवता येते. पण इथे तर जमीन, भिंती, गज, सारेच लाकडी! मग या दोघी बाहेर कशा पडतील? पुढे वाचण्याआधी मिनिटभर विचार करून पाहा.

पहिली मुलगी जागच्या जागी धावू लागते. थोड्याच वेळात ती घामाने निथळते, आणि त्या घामाच्या धारेने ती कोठडीचे लाकूड कापते.

उत्तर वाचल्यावर ‘अरेच्चा, हे आपल्याला सुचायला हवे होते’ असे वाटले ना? आता समजा, त्या मुलीने एखादा मंत्र पुटपुटला असता आणि दार आपोआप उघडले असते, तर? तर आपण ‘बरं’ म्हणून पुढे गेलो असतो. दोन्ही ठिकाणी जादूच आहे. पण पहिल्या जादूचे नियम आपल्याला आधी सांगितलेले होते, म्हणून डोके चालवायला जागा मिळाली. दुसऱ्या जादूत काहीही होऊ शकते, आणि जिथे काहीही होऊ शकते तिथे अंदाज कशाचा करणार?

हा प्रसंग ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकन चित्रमालिकेतला आहे. मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को यांनी ती निर्माण केली, आणि २००५ ते २००८ या काळात तिचे ६१ भाग दाखवले गेले. नावातला ‘अवतार’ हा शब्द आपलाच, संस्कृतातून गेलेला. मालिकेच्या जगात चार समाज आहेत, आणि प्रत्येकात काही माणसांना पाणी, माती, अग्नी किंवा वायू हलवण्याची उपजत शक्ती असते. आपल्या पंचमहाभूतांपैकी आकाश सोडून बाकीची चार. या शक्तींना आपण सोयीसाठी जलविद्या, भूविद्या, अग्निविद्या आणि वायुविद्या म्हणू या. शक्ती वापरायची तर शरीराच्या ठरावीक हालचाली कराव्या लागतात, आणि त्या चीनमधल्या खऱ्या युद्धकलांवरून घेतल्या आहेत. जलविद्येसाठी ताई ची, भूविद्येसाठी हुंग गार, अग्निविद्येसाठी उत्तर शाओलिन, वायुविद्येसाठी बागुआ. हातपाय बांधले की बहुतेकांची विद्या लुळी पडते, हेही ओघाने आलेच.

ब्रँडन सँडरसन या अमेरिकन कादंबरीकाराने २००७ साली एका लेखात असे मांडले, की लेखकाला जादूच्या जोरावर पात्रांची संकटे कितपत सोडवता येतील, हे ती जादू वाचकाला कितपत समजली आहे यावर अवलंबून असते. आमच्या मते याच्या पुढेही एक पायरी आहे, आणि ती विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अधिक जवळची वाटावी. नियम मोडल्यासारखा दिसतो तेव्हा काय करायचे?

पहिल्याच वर्षाच्या एका भागात भूविद्या जाणणाऱ्या लोकांना समुद्रातल्या एका धातूच्या तुरुंगात डांबलेले असते. खाली पोलाद, भोवती पाणी, मातीचा कण नाही. म्हणजे प्रेक्षकाला पक्के कळते, की धातूवर भूविद्या चालत नाही. (त्यांची सुटका भट्टीतला दगडी कोळसा त्यांच्यापर्यंत पोहोचवून होते. कोळसा हा गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा, तेव्हा तो ‘माती’त मोडतो की नाही यावर वर्गात वाद घालायला हरकत नाही.) पुढे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, २००६ मध्ये, टॉफ नावाच्या मुलीला काही जण लोखंडी पेटीत कोंडून नेतात. कोड्यातली दुसरी मुलगी ती हीच. टॉफ जन्मांध आहे. जमिनीतून येणारी कंपने पायांनी ओळखून ती भोवतालचे ‘पाहते’. पेटीच्या भिंतीवर थापा मारताना तिला त्या धातूतही कुठे कुठे बारीकसे काही जाणवते. धातू म्हणजे तरी काय? भट्टीत शुद्ध केलेला खनिज दगडच. पण शुद्धीकरण पूर्ण झालेले नसते. उरलेले मातीचे कण ती पकडते, ओढते, आणि पेटी फाडून बाहेर येते.

नियम मोडला का? नाही. माती हलवता येते, हा नियम तसाच राहिला. आपणच त्यावरून ‘धातू हलवता येत नाही’ असा घाईचा निष्कर्ष काढला होता. आणि यात थोडे खरे रसायनशास्त्रही आहे. जुन्या पद्धतीच्या घडीव लोखंडात धातुमळीचे बारीक तंतू खरोखरच राहून जात.

युरेनस या ग्रहाची गोष्ट अशीच आहे. गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने जिथे असावा तिथे तो सापडत नव्हता. नियमच चुकला म्हणावे, तर बाकी सगळीकडे तो बरोबर होता. फ्रान्समध्ये ल व्हेरिए आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स यांनी नियम कायम ठेवून विचारले, युरेनसला ओढणारे आणखी काही तिथे दडले आहे का? ल व्हेरिए यांच्या गणिताने दाखवलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून दिसला. मात्र दर वेळी असेच घडते असे नाही. बुधाच्या कक्षेतली तफावतही ल व्हेरिए यांनी अशाच एका अज्ञात ग्रहाच्या माथी मारली. तो ग्रह कधी सापडलाच नाही. तिथे नियमच सुधारावा लागला, आणि ते काम १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी केले.

टॉफच्या शोधाची खरी परीक्षा पुढच्या मालिकेत झाली. ‘द लेजंड ऑफ कोरा’ ही मालिका २०१२ मध्ये सुरू झाली. त्या काळापर्यंत धातू हलवणाऱ्यांचे पोलीस दलच तयार झाले आहे. मग शत्रू काय करतो? तो आपली यंत्रे प्लॅटिनमची बनवतो. धातू इतका शुद्ध, की त्यात मातीचा कणही नाही, पोलीस हतबल! पाहा, धातूतल्या मातीमुळेच धातू हलतो, हे खरे असेल तर शुद्ध धातू हलता कामा नये. आधीच्या स्पष्टीकरणातून हे भाकीत आपोआपच निघते. आता प्लॅटिनमची घनता पोलादाच्या पावणेतीनपट, आणि जगातल्या साऱ्या खाणींतून वर्षाला ते दोनशे टनांहूनही कमी निघते, तेव्हा एवढी यंत्रे बनवणाऱ्याच्या खजिन्याचे कौतुकच करायला हवे!

पण त्याच मालिकेत, त्याच वर्षी, उलटे उदाहरणही सापडते. ते समजण्यासाठी हामा या म्हातारीची हकीकत सांगायला हवी. आमच्या मते साऱ्या मालिकेतला हा सर्वांत कठोर भाग.

हामा जलविद्येत निष्णात. कोठडीत घामाने लाकूड कापणारी कटारा तिच्याच जमातीची. तरुणपणी शत्रूने हामाला पकडून नेले होते. तुरुंगात हवा मुद्दाम कोरडी ठेवत, आणि प्यायला पाणी देतानाही हातपाय बांधत. असे का? हिशेब करून पाहा. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. सापेक्ष आर्द्रता ७० टक्के धरली तर सुमारे २१ ग्रॅम. तीन मीटर लांब, तितक्याच रुंद आणि उंच खोलीचे घनफळ २७ घनमीटर, म्हणजे त्या हवेत अर्धा लिटरहून थोडे जास्तच पाणी झाले. जलविद्येला तेवढे पुरेसे आहे. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना हा नियम ठाऊक होता.

पण हामाने विचार एक पाऊल पुढे नेला. कोठडीत उंदीर येत. उंदराच्या कातडीखाली काय असते? पाणी! पौर्णिमेच्या रात्री, शक्ती सर्वांत जास्त असताना, ती आधी उंदरांच्या आणि मग पहारेकऱ्यांच्या अंगातले रक्त हलवायला शिकली आणि निसटली. माणसाच्या शरीराचा साधारण ६० टक्के भाग पाणीच असतो, तेव्हा नियमाच्या दृष्टीने यात काही चूक काढता येत नाही. नंतर मात्र ती निरपराध गावकऱ्यांना कळसूत्री बाहुल्यांसारखी चालवत नेऊन कोंडू लागते. तिला थांबवण्यासाठी कटाराला तीच विद्या वापरावी लागते, आणि जिंकल्यावर ती रडते. घामाच्या वेळी ज्या तर्काला आपण टाळ्या वाजवल्या, तोच तर्क इथे आपल्याला नको त्या ठिकाणी घेऊन जातो.

आता ते उलटे उदाहरण. कोराच्या मालिकेत काही जण पौर्णिमा नसतानाही, हातही न हलवता रक्त वश करतात. का? तर म्हणे त्यांच्या घराण्यातच तशी विलक्षण शक्ती आहे. प्लॅटिनमला कारण होते, याला केवळ कौतुक आहे. इथे लेखक घसरले असे आम्हाला वाटते.

नियमाचे ओझे दोन्ही बाजूंवर सारखे पडते हे पाहायचे असेल, तर सूर्यग्रहणाचा भाग पाहा. अग्निविद्येची शक्ती सूर्यापासून. म्हणून ग्रहणात ती लोपते. नायक एका प्राचीन ग्रंथालयातल्या यंत्रावरून पुढच्या ग्रहणाची तिथी काढतात आणि त्याच दिवशी स्वारी करतात. हाती वेळ आठ मिनिटांचा. (पृथ्वीवर खग्रास स्थिती फार तर साडेसात मिनिटे टिकू शकते. सुरतेवरून गेलेल्या २२ जुलै २००९ च्या ग्रहणात कमाल काळ ६ मिनिटे ३९ सेकंद होता, आणि या शतकातले ते सर्वांत दीर्घ ग्रहण.) पण शत्रूलाही बेत आधीच कळलेला असतो. राजकन्या अ‍ॅझुला लढतच नाही. ती नुसती पळते, बोलण्यात गुंतवते, आणि घड्याळ आपले काम करते.

चंद्राच्या बाबतीत मात्र कोकणातली मुले हसतील. मालिकेत जलविद्या पौर्णिमेला सर्वांत प्रबळ, कारण चंद्र समुद्राला ओढतो. पण उधाणाची भरती अमावास्येलाही तशीच येते! शिवाय घामाच्या धारेने लाकूड कापायला लागणारी ऊर्जा कुठून येते, याबद्दल मालिका गप्प आहे. कारखान्यांत पाण्याच्या झोताने लाकूडच काय, बारीक वाळूसारखी पूड मिसळली तर पोलादही कापतात. पण त्यासाठी हवेच्या दाबाच्या काही हजारपट दाब पंपाने द्यावा लागतो. तेव्हा नियमबद्ध जादू म्हणजे विज्ञान नव्हे. स्वतः घातलेले नियम पाळणे, एवढेच तिच्याकडून मागायचे.

तेही सोपे नाही. याच कथेवर मनोज नाइट श्यामलन यांनी २०१० मध्ये चित्रपट काढला. त्यात भूविद्या जाणणारे कैदी समुद्रात नाहीत. ते चक्क दगडमातीच्या मैदानात, डोंगराच्या कुशीत डांबलेले आहेत. पायाखाली शस्त्र पडले आहे आणि कोणी वाकून उचलत नाही! समुद्रातला तुरुंग काढून टाकताना तो तिथे का होता हे कोणी विचारले नसावे.

जाता जाता आणखी एक कोडे. खिडकीच्या काचेत सुमारे ७० टक्के सिलिका, म्हणजे वाळूतलेच द्रव्य असते. बाकी बहुतांश सोडा आणि चुना. वाळू हलवणारे लोक मालिकेत आहेत. मग टॉफला काचेच्या पेटीत कोंडले तर ती बाहेर येईल का? आणि काच शुद्ध सिलिकेची असली, तर उत्तर बदलेल का? प्लॅटिनमची गोष्ट आठवून, कारणासह उत्तर लिहा.