पिनबॉल : उतारावरचा खेळ आणि त्याची नवी यंत्रे

शिकागो शहरात व त्याच्या उपनगरांत आजही दर वर्षी पिनबॉलची काही नवी यंत्रे तयार होऊन बाजारात येतात. ‘आजही’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. व्हिडिओ गेमच्या लाटेत हा खेळ कायमचा बुडाला, असे पंचवीस वर्षांपूर्वी बहुतेकांनी गृहीत धरले होते. परंतु २०२४ मध्ये ‘जॉज’, २०२५ मध्ये ‘किंग काँग’ व ‘हॅरी पॉटर’ अशी एकाहून एक खर्चिक यंत्रे आली आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळाले. भारतातल्या आपल्या मंडळींना असे यंत्र प्रत्यक्ष पाहावयास मिळणे दुर्मीळच. पुष्कळांची त्याच्याशी ओळख झाली ती कचेरीतल्या संगणकावर, विंडोज एक्सपीबरोबर येणाऱ्या ‘स्पेस कॅडेट’ या खेळातून. पुढच्या आवृत्तीतून तो खेळ नाहीसा झाला. नव्या प्रकारच्या संगणकासाठी त्याची जुळवाजुळव करताना गोळी समोरच्या वस्तूंना न अडखळता भुतासारखी आरपार जाऊ लागली होती, अशी त्यामागची मौजेची हकीकत आहे.

हा खेळ आपल्याला परका मात्र नव्हे. सुट्टीत माळ्यावरून खाली काढले जाणारे बगाटेल ज्यांनी खेळले आहे, त्यांनी पिनबॉलचे मूळ रूपच खेळले आहे. उतरता लाकडी पाट, त्यावर अर्धवर्तुळात ठोकलेले खिळे, प्रत्येक कमानीत लिहिलेले गुण, उजव्या कडेला स्प्रिंगचा दट्ट्या. हा स्प्रिंगचा दट्ट्या अमेरिकेतील सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बगाटेलला जोडला आणि १८७१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पिनबॉलमधला ‘पिन’ म्हणजे तोच आपला खिळा. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलीब यांच्या ‘बॅफल बॉल’ या नाणे टाकून खेळावयाच्या यंत्राने धंद्याचा पाया घातला.

या पहिल्या यंत्रांत खेळणाऱ्याच्या हाती फार थोडे होते. गोळी एकदा सुटली की यंत्राला धक्का देण्यापलीकडे काही करता येत नसे. १९४७ साली गॉटलीब यांच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्ज यांनी फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच उसळून गोळीला तडाखा देणाऱ्या पट्ट्या, बसविल्या. त्या सहा होत्या. पुढल्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी ‘ट्रिपल अ‍ॅक्शन’ या यंत्रात अधिक जोरदार अशा दोनच पट्ट्या तळाशी ठेवल्या. सहाऐवजी दोन, ही मुळात काटकसर होती. पण त्या काटकसरीतून खेळाला त्याचे आजचे रूप मिळाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे याचा उपयोग होणार आहे.

आता यंत्राची अंगभूत अडचण पाहू. जोयडा तालुक्यात दिग्गीच्या डोंगरांत काळी नदी उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. वाटेत सुपे, कोडसळ्ळी, कद्रा येथे धरणे बांधून तिचे पाणी अडविले आहे. पण धरण पाण्याला केवळ खोळंबविते. समुद्राला जाणे काही टळत नाही. पिनबॉलचे गणित हेच आहे. पाटाला साधारण साडेसहा अंशांचा उतार असतो. सत्तावीस मिलिमीटर व्यासाची, ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी त्या उतारावरून खाली येणार आणि दोन पट्ट्यांमधल्या फटीतून किंवा कडेच्या गल्लीतून नाहीशी होणार, हे ठरलेलेच. प्रश्न एवढाच की ती किती वेळ खोळंबवावी. यंत्र ज्याच्या दुकानात उभे आहे, त्याला डाव लवकर संपून दुसरे नाणे पडावे असे वाटते. खेळणाऱ्याला नेमके उलटे वाटते. फार लवकर संपला तर गिऱ्हाईक चिडून निघून जाते आणि फार लांबला तर गल्ला रिकामा राहतो. म्हणून कडेच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली खुंटी दोन-तीन भोकांपैकी कोणत्याही भोकात बसविता येते. ती अर्ध्या बोटाने सरकविली की तेच यंत्र दयाळू किंवा निष्ठुर होते.

दुसरी ओढाताण दैव आणि कौशल्य यांची. पिनबॉल हा नशिबाचा खेळ, म्हणून जुगार, असे ठरवून न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये त्यावर बंदी घातली होती. ती उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या लेखकाने नगरपरिषदेच्या समितीपुढे यंत्र खेळून दाखविले, गोळी कोणत्या मार्गाने जाणार ते आधी सांगितले, दट्ट्या ओढला आणि गोळी सांगितलेल्या मार्गानेच गेली. तो फटका बराचसा नशिबाने साधला, हे शार्प यांनीच पुढे कबूल केले आहे! दैव अजिबात काढून टाकले तर निष्णात माणूस तासभर खेळत राहील आणि नवख्याचा डाव अर्ध्या मिनिटात आटोपेल. म्हणून ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ या १९९२ च्या यंत्रात पॅट लॉलर यांनी पाटाखाली लोहचुंबक लपविले. ते मधूनच गोळीची वाट वाकडी करतात आणि भल्याभल्यांना नवख्यांच्या पंक्तीला आणून बसवितात.

या यंत्राच्या २०,२७० प्रती खपल्या. विजेच्या युगातील पिनबॉलचा हा उच्चांक होय. हुरूप वाढलेल्या लॉलर यांनी १९९३ मध्ये ‘ट्वायलाइट झोन’ रचले. त्यात काटे फिरणारे खरे घड्याळ होते, गोळ्या बाहेर टाकणारे यंत्र होते, चुंबकाला दाद न देणारी पांढरी सिरॅमिकची गोळी होती आणि नियम तर इतके, की भिंतीवर तक्ता लावावा. जाणकार आजही त्याला नावाजतात. खपल्या मात्र १५,२३५ प्रती. नाणे टाकून जाणाऱ्या वाटसरूला समोर काय चालले आहे ते पहिल्या मिनिटात कळले नाही, तर तो दुसरे नाणे टाकीत नाही. १९९९ मध्ये विल्यम्स या अग्रगण्य कंपनीने पिनबॉलचा कारखाना बंद केला आणि पुढील दशकभर मोठ्या प्रमाणावर ही यंत्रे बनविणारी स्टर्न ही एकच कंपनी उरली.

मधल्या काळात जो बदल झाला, तो यंत्रापेक्षा गिऱ्हाइकात झाला. चहा-कॉफीच्या दुकानांतून, खानावळींतून यंत्र उठले आणि हौशी गृहस्थाच्या तळघरात जाऊन बसले. आज नव्या यंत्रांचा मोठा वाटा घरगुती गिऱ्हाईक उचलते. अमेरिकेतल्या आपल्या काही मराठी कुटुंबांतही मुलांच्या हट्टापायी असा विचार चालतो, म्हणून पुढील तपशील जरा विस्ताराने देत आहोत.

स्टर्न कंपनी आपले यंत्र बहुधा तीन आवृत्त्यांत काढते. ‘जॉज’चे उदाहरण घेतले तर ‘प्रो’ ही साधी आवृत्ती ६,९९९ डॉलरांना, ‘प्रीमियम’ ९,६९९ डॉलरांना, आणि मर्यादित संख्येची विशेष आवृत्ती १२,९९९ डॉलरांना जाहीर झाली. या शेवटच्या आवृत्तीच्या फक्त एक हजार प्रती. रचनाकाराला त्यामुळे एकाच पाटावर दोन यंत्रे कल्पावी लागतात. एक, सर्व खेळण्यांनी नटलेले. दुसरे, ती काढून घेतली तरी लंगडे न वाटणारे. कीथ एल्विन यांच्या २०२१ च्या ‘गॉडझिला’मध्ये महाग आवृत्तीत मजल्यामजल्याने ढासळणारी इमारत आहे आणि मोडून पडणारा पूल आहे, साध्या आवृत्तीत ही हलणारी यंत्रणा नाही. इमारत ढासळताना पाहणे हा आनंद निःसंशय मोठा. पण अशी प्रत्येक करामत गोळीला क्षणभर थांबविते, आणि पट्टीवरून सुटलेली गोळी वळणे घेत पुन्हा दुसऱ्या पट्टीवर येण्याचा जो अखंड ओघ, तो तितका तुटतो. कमी हलणाऱ्या भागांत बिघाडही कमी, हे वेगळेच. खेळावयाचे असेल तर साधी आवृत्ती आणि पाहुण्यांना दाखवावयाचे असेल तर महाग, असे आमचे मत आहे. ‘गॉडझिला’ला मात्र आम्ही अपवाद करू, कारण तेथे इमारत केवळ शोभेची नसून गोळ्या अडकवून ठेवण्याचे कामही करते.

करामतींचा सोस अंगाशी कसा येतो, हे जर्सी जॅक कंपनीच्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ने दाखविले. २०१७ मध्ये त्याचा नमुना दाखविला तेव्हा पाटावर एकात एक फिरणाऱ्या तीन तबकड्या होत्या. प्रत्यक्ष उत्पादनाच्या वेळी त्या टिकाव धरतील असा भरवसा राहिला नाही, आणि गिऱ्हाइकाच्या हाती एकाच तबकडीचे यंत्र आले. आगाऊ पैसे भरलेले लोक नाराज झाले. तरी आम्ही कंपनीचा निर्णय योग्य मानतो. तीन तबकड्यांचे बंद पडलेले यंत्र कोणाला हवे?

याच कंपनीने २०१३ च्या ‘विझार्ड ऑफ ऑझ’पासून मोठा रंगीत पडदा आणला आणि स्टर्नने २०१६ पासून. पडदा देखणा असतो, पण पिनबॉल खेळणाऱ्याची नजर गोळीवरून हलली की गोळी गेलीच. तो पडदा पाहतो बाजूला उभा असलेला माणूस. चित्रपटाचे नाव घेण्याचाही असाच हिशेब आहे. नावामुळे गिऱ्हाईक थांबते, पण हक्कांची रक्कम किमतीत चढते आणि कोणते दृश्य, कोणता आवाज वापरावा हे दुसराच ठरवितो. ‘अमेरिकन पिनबॉल’ या कंपनीने २०१८ मध्ये ‘ऑक्टोबरफेस्ट’ हा जर्मन जत्रेचा विषय घेऊन हा खर्च टाळला. (या कंपनीमागे असलेल्या एमट्रॉन समूहाचा कारखाना बडोद्यात आहे, हे तेथील वाचकांना ऐकून कौतुक वाटेल.)

घरच्या गिऱ्हाइकाने नियमांचेही रूप पालटले आहे. जे यंत्र वर्षानुवर्षे समोर राहणार, ते महिन्याभरात उलगडून संपता कामा नये. म्हणून नियम खोल होत गेले, शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचणारे विरळा झाले, आणि पुष्कळदा यंत्र घरी येते तेव्हा त्याची आज्ञावली अपुरीच असते. ती नंतर हप्त्याहप्त्याने पाठविली जाते. ज्याने सर्व पैसे एकरकमी मोजले त्याने खेळ मात्र हप्त्याने घ्यावा, हा प्रकार आम्हांला रुचत नाही. शिवाय घरातली आजी किंवा सहा वर्षांचा नातू पट्ट्या बडवून दोन मिनिटे हसतील की नाही, हा प्रश्न मागे पडत चालला आहे. जुनी यंत्रे वाटसरूसाठी असल्यामुळेच कोणालाही खेळता येत होती.

आणि एक हिशेब अमेरिकेतल्या कारखान्यात सहसा मांडला जात नाही, तो हवेचा. हे यंत्र दिग्गीला न्यावयाचे म्हटले तर काय होईल? वजन सुमारे ११३ किलो, म्हणजे उचलावयास चार जण हवेत. पाट मेपलचा थर दिलेल्या प्लायवुडचा. ज्यांनी दांडेलीच्या प्लायवुड कारखान्याचे दिवस पाहिले आहेत, त्यांना ओल आणि प्लायवुड यांचे वैर सांगावयास नको. चार महिन्यांच्या पावसात गोळीवर गंज चढेल. गंजलेली गोळी पाटावरचा रंग खरवडून काढील. पाटाच्या खाली शेकडो तारा, गुंडाळ्या आणि इलेक्ट्रॉनिक पट्ट. त्यातला एक बिघडला तर दुरुस्त करणारा मिळणार कोठे? खिळ्यांच्या बगाटेलला यांतले एकही दुखणे नाही. खिळा वाकला तर पक्कडीने सरळ करावा, गोळी हरवली तर दुसरी आणावी.

तेव्हा घरासाठी यंत्र घेऊ पाहणाऱ्यांनी विकणाऱ्याकडून चार गोष्टी अवश्य विचारून घ्याव्यात : आज्ञावली पुरी झाली आहे काय, हलणारे भाग किती आहेत, ते सुटे मिळतात काय, आणि पाट उचलून खाली हात घालण्यास कोणी जवळपास येऊ शकेल काय. डाव मुलांना फार लवकर संपतो असे वाटले, तर यंत्र बदलण्यापूर्वी काच काढून कडेच्या गल्लीची खुंटी एक भोक वर किंवा खाली सरकवून पाहावी. त्याला पाच मिनिटे आणि एक पाना एवढेच लागते.