‘बंद’ बटण नेमके काय बंद करते?

मुंबई : १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत वीज गेली होती. अशा वेळी वीज परतल्यावर सर्व अॅम्प्लिफायर सारखे वागत नाहीत. याचे कारण त्यांच्या बटणात असते.

जुन्या अॅम्प्लिफायरचे बटण यांत्रिक असते. ते दाबले की धातूचे संपर्क जुळतात आणि २३० व्होल्टचा पुरवठा थेट ट्रान्सफॉर्मरला मिळतो. उभी रेघ म्हणजे चालू, वर्तुळ म्हणजे बंद. वीज गेली तरी हे बटण ‘चालू’च राहते, त्यामुळे वीज येताच यंत्र आपोआप सुरू होते आणि सुरुवातीचे चढउतारही सोसते.

होम थिएटरचे बटण मात्र केवळ सूचना देते. रिमोटची वाट पाहणारा आतला छोटा विभाग सतत जागा असतो. सूचना मिळाली की तो रिलेमार्फत मुख्य पुरवठा जोडतो. तुटक वर्तुळात वरून शिरणारी रेघ ही त्याची खूण. जुन्या संचात हा विभाग ५ वॅट खात असेल, तर वर्षाला सुमारे ४४ युनिट होतात. युरोपीय महासंघाने २०१३ पासून ही मर्यादा साधारणतः अर्ध्या वॅटवर आणली.

सुरू होण्याचा क्षण सर्वांत कठीण. आतले कपॅसिटर रिकामे असल्याने क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढला जातो. संपर्कांवर ठिणगी पडते. ते हळूहळू जळतात. म्हणून मोठ्या अॅम्प्लिफायरमध्ये आधी रोधातून प्रवाह सोडतात. काही सेकंदांनी ऐकू येणारा ‘टक्’ आवाज बहुधा स्पीकर जोडणाऱ्या रिलेचा असतो. तोवर स्पीकर अलग ठेवल्याने त्यांना धक्का बसत नाही.

हाच धक्का गणेशोत्सवाच्या मंडपात महाग पडतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक थांबवावे लागतात (ठरावीक दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते). घाईत कुणी मेन स्विचच खाली ओढतो. मिक्सर तत्काळ मरतो, अॅम्प्लिफायरच्या कपॅसिटरमध्ये मात्र वीज शिल्लक असते. मिक्सरचा शेवटचा आचका ‘धप्प’ करून स्पीकरवर आदळतो. क्रम सोपा आहे : सुरू करताना अॅम्प्लिफायर शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. जनरेटरवर जातानाही हेच.

आणखी एक. एकाच तारेवरचे बटण बंद असले आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलट जोडलेले असले, तर यंत्र मुके असूनही आत फेज पोहोचलेला असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा काही काळ उरतो. झाकण तंत्रज्ञानेच उघडावे, तेही तो साठा उतरवून.