मिसुरीवर पूल कुठे होता?

या आठवड्यात अमेरिकेतल्या प्रॉमंटरीचा समारंभ सांगणार होतो. तो पुढे ढकलतो, कारण मिरजेच्या एका वाचकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. ते विचारतात, १० मे १८६९ रोजी तिथं युनियन पॅसिफिक आणि सेंट्रल पॅसिफिक या दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ जुळले, मग न्यूयॉर्कहून निघालेला माणूस रुळांवरून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्याला पोचू लागला का?

नाही पोचू लागला. युनियन पॅसिफिक सुरू व्हायची ओमाहाला, मिसुरी नदीच्या पश्चिम काठावर. शिकागोकडून येणारी गाडी थांबायची पूर्व काठावर, आयोवातल्या कौन्सिल ब्लफ्सला. मधे पूल नव्हता. प्रवाशांनी बोचकी उचलून उतरायचं, आगबोटीनं नदी ओलांडायची आणि पलीकडे दुसरी गाडी धरायची. हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावर तात्पुरते रूळ टाकत! दुसऱ्या टोकालाही तेच. मे महिन्यात सेंट्रल पॅसिफिकची लाइन सॅक्रामेंटोला संपत होती. समुद्राच्या खाडीवर, ओकलंडच्या धक्क्यापर्यंत गाडी जायला नोव्हेंबर उजाडला.

आपल्याकडे मार्च १८७०मध्ये जबलपूरला मुंबई-कलकत्ता लाइन जुळली, तेव्हाही गाडी हावड्यालाच थांबायची. हुगळीवर तरता पूल आला १८७४मध्ये. नद्या समारंभांना जुमानत नाहीत.

मिसुरी तर फारच अवघड. गढूळ पाणी, सरकती वाळू, खडक खूप खोल. तेव्हा पुलाच्या खांबांसाठी लोखंडाची पोकळ नळकांडी नदीत उभी केली. वरून हवाबंद करून आत दाबाची हवा सोडायची, म्हणजे पाणी खालून बाहेर रेटलं जातं. मग त्या दाबात माणसांनी उतरून गाळ उपसायचा आणि नळकांडं खडकाला टेकेपर्यंत खाली न्यायचं. अशा खांबांवर अडीचशे फुटांचे अकरा गाळे चढले आणि मार्च १८७२मध्ये पूल खुला झाला. प्रॉमंटरीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी.

एवढं होऊनही प्रवाशांचं उतरणं काही चुकेना! आमची मुख्य लाइन ओमाहालाच सुरू होते, पूल वेगळा, असं युनियन पॅसिफिक कंपनीचं म्हणणं. पुलावरून ती स्वतंत्र छोटी गाडी चालवी. त्याचे पैसेही वेगळे घेई. कौन्सिल ब्लफ्सचे व्यापारी कोर्टात गेले. त्यांच्या हातात लिंकनचा १८६४चा आदेश होता आणि त्यात लाइनचं पूर्वेकडचं टोक आयोवाच्या पश्चिम सीमेवर ठरवलेलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८७५च्या सत्रात निकाल लागला: लाइन आयोवाच्या काठापासून सुरू होते, पूल तिचाच भाग आहे, आणि कंपनीनं ती सलग चालवलीच पाहिजे. या सगळ्या इतिहासात मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण लाइन कुणासाठी आहे हे त्या व्यापाऱ्यांनी वदवून घेतलं.

कोलोरॅडोतल्या स्ट्रासबर्गचे लोक आणखी वेगळंच सांगतात. मिसुरीवर कॅन्सस सिटीला पूल जुलै १८६९मध्येच झाला होता. तिथून निघालेली कॅन्सस पॅसिफिक १५ ऑगस्ट १८७० रोजी स्ट्रासबर्गजवळ जोडली गेली, आणि डेन्व्हर, शायेनमार्गे ती मुख्य लाइनला मिळत होती. म्हणून खरी अखंड वाट पहिल्यांदा आमच्याकडे पुरी झाली, असा त्यांचा दावा. मला तो पटतो.

प्रॉमंटरीच्या समारंभातला सोन्याचा खिळा पुढच्या आठवड्यात. त्याच्याबरोबर तिथून तारेवरून गेलेला एका शब्दाचा संदेशही.