संगणकावर घराचा नकाशा : माऊसच्या आधी टेप धरा

सोलापूरच्या चादर धंद्यात एक जुनी शिस्त आहे. जकार्ड चादरीवर फूल किंवा मोर उठवायचा असेल, तर तो आधी चौकटीच्या कागदावर उतरवावा लागे. चौकोन मोजून रंग भरायचे, त्याबरहुकूम कार्डांना भोके पाडायची आणि मग ती कार्डे मागावर चढवायची. कागदावर चुकलेला चौकोन रबराने पुसता येई. कार्डाला भोक पडल्यावर मात्र तीच चूक प्रत्येक चादरीवर उमटत असे. आज हे काम संगणकावर होते, पण शिस्त बदललेली नाही.

घर बांधताना मात्र आपण ही शिस्त विसरतो. आयुष्यभराची बचत, सोने मोडून आलेला पैसा आणि वर नातेवाइकांची उसनवारी एवढे सगळे पणाला लावायचे, आणि खोल्या किती मोठ्या हे मिस्त्रीने जमिनीवर फक्कीने ओढलेल्या रेघांवरून ठरवायचे! स्लॅब पडल्यावर कळते की कपाटाचे दार पलंगाला अडते. म्हणून घराचा नकाशा काढण्याच्या संगणक प्रोग्रॅमकडे वाचकांनी गांभीर्याने पाहावे. ‘स्वीट होम थ्रीडी’ हा असा एक प्रोग्रॅम आहे. तो मोफत मिळतो, साध्या संगणकावर चालतो आणि कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी आठवडाभरात तो हाताळू लागते. ‘स्केचअप’ही प्रसिद्ध आहे, पण ते शिकायला जास्त वेळ लागतो. नवख्याने पहिल्यापासून सुरुवात करावी.

सुरुवात संगणकापासून नव्हे, तर टेपपासून करायची. प्लॉटच्या चारही बाजू स्वतः मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. २० बाय ३० फुटांच्या काटकोनी जागेचा कर्ण ३६ फूट आणि वर जेमतेम पाऊण इंच भरतो. दोन कर्णांत फरक आला, तर जागा तिरकी आहे. पेठांतल्या जुन्या जागा बहुधा तिरक्याच निघतात. कागदोपत्री लांबी-रुंदी टाकून काढलेला सुबक चौकोन तेथे काही कामाचा नाही.

भिंतीची जाडी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या प्रोग्रॅममध्ये भिंत काढली की ती आपोआप सुमारे तीन इंच जाडीची येते. परदेशात लाकडी फळ्यांच्या भिंती असतात, तिकडे ते ठीक आहे. आपली बाहेरची भिंत नऊ इंची आणि आतली साडेचार इंची. बाहेरून २० बाय ३० असलेल्या घरात तीन इंची भिंती धरल्या तर आत ५७५ चौरस फूट मिळतात, नऊ इंची धरल्या तर ५२७. म्हणजे ४८ चौरस फूट पडद्यावर आहेत आणि प्रत्यक्षात नाहीत! सहा बाय आठची अख्खी मोरी हवेत गेली. आतल्या भिंती आणि प्लास्टर हे याहून वेगळे. म्हणून पहिली रेघ ओढण्यापूर्वी प्रोग्रॅमच्या पसंतीक्रमात जाऊन माप फूट-इंचांत करावे आणि भिंतीची जाडी बदलून घ्यावी.

दुसरी गोम अशी की, येथे भिंतीची लांबी तिच्या मधल्या रेषेवर मोजली जाते. आपण २० फूट लिहिले आणि भिंत नऊ इंची असली, तर घर बाहेरून २० फूट ९ इंच होते. प्रत्येक बाजूला साडेचार इंच हद्दीबाहेर! शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा तंटा लावायला एवढे पुष्कळ झाले. बाहेरून २० बाय ३० हवे असल्यास १९ फूट ३ इंच आणि २९ फूट ३ इंच असे आकडे टाकावेत. माऊसने अंदाजे ओढत बसू नये; भिंत काढताना एंटर दाबले की लांबी आकड्यांत लिहिता येते. भिंतींनी खोली बंद झाली की खोलीचे अवजार घेऊन आत दोनदा क्लिक करावे, क्षेत्रफळ समोर येते.

सामानाच्या यादीत सोफे आणि टेबले भरपूर आहेत. त्यांच्या मोहात पडू नये. आपल्या घरात प्रत्यक्ष जे आहे ते मोजून, त्या मापाचे खोके ठेवावे. पोलादी कपाट साधारण तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असते. सव्वासहा फूट लांबीचा पलंग दहा फुटी खोलीत भिंतीला लावला आणि समोर कपाट ठेवले, तर मध्ये सव्वादोन फूट उरतात. कपाटाचे एक दार उघडायला दीड फूट लागतो. उभे राहायला राहिले नऊ इंच! शिलाई मशीन, कूलर, मालाची गाठोडी यांनाही जागा द्यावी. ज्यांच्याकडे घरातच टॉवेलची घडी-पॅकिंग चालते, त्यांनी गठ्ठा दारातून आणि जिन्याच्या वळणावरून जातो की नाही हे येथेच पाहावे.

जिना हा तर फसवा प्रकार आहे. यादीतला तयार जिना ताणून कोणत्याही कोपऱ्यात बसतो, प्रोग्रॅम हरकत घेत नाही. हिशेब आपण करायचा. जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत दहा फूट उंची असेल, तर सात इंचांच्या सुमारे १७ चढण्या येतात. मधल्या १६ पायऱ्या दहा-दहा इंचांच्या धरल्या तर सरळ जिन्याला १३ फूट ४ इंच लांबी लागते. एवढी जागा नसेल तर मध्ये वळण घ्यावे. पण पायरी उंच आणि अरुंद करून वेळ मारून नेऊ नये. म्हातारी माणसे त्याच जिन्याने चढणार आहेत.

सोलापूरचे ऊन

या प्रोग्रॅममधले होकायंत्र फार थोडे लोक वापरतात. त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश आणि उत्तर दिशा भरली की, ठरावीक तारखेला व वेळेला ऊन कोठून येईल ते चित्रात दिसते. सोलापूर सुमारे १७.७ अक्षांशावर आहे. ११ मेच्या आसपास आणि पुन्हा १ ऑगस्टच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. मधल्या काळात तो थोडा उत्तरेकडून जातो. १५ मे, दुपारी चार ही वेळ टाकून चित्र काढा. निजायच्या खोलीची भिंत पश्चिमेला आली असेल, तर रात्री अकरापर्यंत ती भट्टीसारखी राहील. त्या बाजूला जिना किंवा न्हाणीघर घ्यावे. याच होकायंत्रावर संडासाच्या बैठकीची दिशाही आधीच पाहता येते. सोलापुरातून किब्ला पश्चिमेपासून साधारण १२ अंश उत्तरेकडे आहे. बैठक उत्तर-दक्षिण ठेवली की प्रश्न मिटतो.

कित्येक वर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय झालेल्या या शहरात हौदाशिवाय नकाशा पुरा होत नाही. पाच बाय चार बाय पाच फुटांच्या हौदात सुमारे २,८०० लिटर पाणी मावते. गच्चीवरच्या टाकीचेही बघावे : हजार लिटर म्हणजे एक टन वजन. ते कोणत्या कॉलमवर येणार, हे संगणक सांगणार नाही. कॉलम, बीम, सळई यांतले त्याला काहीच कळत नाही. कॉलम भिंतीबाहेर किती डोकावणार हे इंजिनिअरला विचारून तेवढे खांब नकाशात ठेवावेत.

नकाशा झाला की तो एकट्याने मंजूर करू नये. प्रोग्रॅममध्ये माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घरभर फिरता येते. घरातल्या बायकांना समोर बसवून फिरवून दाखवावे. ओटा कोणत्या उंचीचा, बैठकीत पाहुणे बसले असता स्वयंपाकघरातून न्हाणीघरात कसे जायचे, मोरीचे दार कोठे उघडते, हे त्या पाच मिनिटांत सांगतील. जी माणसे दिवसाचे चौदा तास त्या घरात वावरणार, त्यांना विचारायला बहुतेक घरमालक वास्तूच्या दावतीपर्यंत थांबतात! कुंभारीच्या रे नगरसारख्या वसाहतीत, जेथे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना पहिली १५,००० घरे मिळाली, तेथे भिंती ठरलेल्याच आहेत. पण सामान लावण्यापुरता हा प्रोग्रॅम तेथेही कामाला येतो.

हा नकाशा महापालिकेत चालत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटसाठी परवानगीची रीत सोपी केली आहे. तरी नकाशावर परवानाधारक अभियंत्याची किंवा वास्तुविशारदाची सही लागतेच. रस्त्यापासून किती जागा सोडायची हेही त्यालाच विचारावे आणि मगच खोल्या पाडाव्यात. प्लॉट गुंठेवारीचा असेल, तर आधी कागद तपासून घ्यावेत, नकाशा नंतर. अभियंत्याकडे जाताना आपला नकाशा मापासह छापून न्यावा. तो नव्याने काढेल, पण आपल्याला काय हवे ते त्याला नेमके कळेल.

काम चालू असताना बदल सुचला तर तो प्रथम संगणकावर करावा, अभियंत्याला दाखवावा आणि मग गवंड्याला सांगावा. प्रत्येक बदलाची फाईल तारीख घालून वेगळी ठेवावी. ठेकेदाराशी शेवटचे बिल करताना कोणती भिंत कोणी वाढवायला सांगितली, हा वाद निघतो, तेव्हा त्या तारखा उपयोगी पडतात.