मला नाही बाई जमायचं!

सकाळी सात-सव्वासातला आमच्या पनवेल स्टेशनवर जाऊन बघा. पेण-खालापूरकडून एसटीनं आलेल्या, डब्याची पिशवी काखोटीला मारलेल्या, केस धड वाळलेले नसलेल्या बायका लेडीज डब्याकडे धावत असतात. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि कितीतरी घरांतल्या बायकांना नोकरीची वाट मोकळी झाली. पण वाट मोकळी झाली म्हणून पाऊल उचललं जातंच असं नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींचंच बघा ना. बी. कॉम. झालेल्या, लग्नाआधी दोन वर्षं हिशेबाचं काम केलेल्या. मग मुलं, सासूबाईंचं आजारपण, यात बारा वर्षं निघून गेली. ओळखीतून बेलापूरच्या एका ऑफिसात काम चालून आलं. पनवेलपासून चौथं स्टेशन! पण वहिनींचं एकच पालुपद : "मला नाही बाई जमायचं." यजमान म्हणाले, "तुझं तू ठरव." आता हे वाक्य पाठिंब्याचं की अंग काढून घेण्याचं, हे ज्या त्या बाईनं ओळखावं.

मी त्यांना सुरेखा यादवांचं उदाहरण दिलं. आशियातली पहिली महिला रेल्वे ड्रायव्हर म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या. वहिनी लगेच म्हणाल्या, "अगं, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात मुळातच धाडस असणार."

मैत्रिणींनो, इथंच आपलं चुकतं. यशस्वी बाईचा फोटो आपण शेवटच्या स्टेशनवरचा बघतो, हार घातलेला. मधली स्टेशनं कुणी मोजत नाही.

म्हणून जरा मोजूया. सुरेखाताई साताऱ्याच्या, शेतकरी घरातल्या, पाच भावंडांतल्या थोरल्या. कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केला. मनात होतं शिक्षिका व्हायचं. १९८६ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला बसल्या, तर तिथं मुलगी ही एकटीच! निवड झाल्यावर कल्याणला प्रशिक्षण, आणि १९८९ मध्ये असिस्टंट ड्रायव्हर. म्हणजे लगेच गाडी हातात नाही. पुढं नव्वदच्या दशकात मालगाडी. २००० मध्ये लोकल, त्याच वर्षी सुरू झालेली लेडीज स्पेशलही त्यांनी चालवली. २०१० मध्ये घाटातल्या गाड्या. आणि ८ मार्च २०११ रोजी, महिला दिनी, पुण्याहून मुंबईला 'दख्खनची राणी' घेऊन त्या आल्या. असिस्टंट ड्रायव्हर झाल्यापासून तब्बल २२ वर्षांनी! ही काय एका रात्रीत अंगात संचारलेली हिंमत आहे?

घाटाचं तर मुद्दाम सांगते, कारण तो आपल्या अगदी शेजारचा. कर्जत-लोणावळ्यामधला बोरघाट काही ठिकाणी इतका तीव्र आहे, की ३७ फूट पुढं जाताना गाडी एक फूट चढते. वर जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. पण खरी परीक्षा उतरताना. म्हणून घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासले जातात, वेग अगदी कमी ठेवला जातो. तरीही गाडी आवरली नाही तर? त्यासाठी घाटात चढाचे वेगळे रूळ टाकून ठेवलेत, गाडी तिकडे वळून आपोआप थांबावी म्हणून. ड्रायव्हर कितीही मुरलेला असो, नव्या मार्गावर आधी दुसऱ्याच्या गाडीत बसून तो मार्ग शिकावा लागतो. इंजिनातली दोघं समोर दिसणारा सिग्नल मोठ्यानं एकमेकांना सांगतात. रोजचाच सिग्नल असला तरी!

मला हे फार आवडलं. आपल्याला वाटतं, आत्मविश्वास म्हणजे मनात शंकाच नसणं. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातल्या व्याख्यानांतही तेच सांगतात, 'स्वतःवर विश्वास ठेवा' म्हणून. टाळ्या पडतात, वाण घेऊन आपण घरी येतो आणि भीती होती तिथंच असते. रेल्वेत मात्र शंका घेणं हा कामाचाच भाग. ब्रेक लागेल ना? मग लावून बघ. सिग्नल हिरवाच आहे ना? मग मोठ्यानं म्हण. शंकेला तिथं उत्तर शोधतात, तिला कवटाळून बसत नाहीत.

हे सगळं ऐकल्यावर वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग मीच कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "काय काय जमणार नाही ते लिहा." लिहिता लिहिता 'काहीच जमणार नाही'चे पाच मुद्दे झाले. कॉम्प्युटरवरचा हिशेब येत नाही. धाकट्याला शाळेतून कोण आणणार. गर्दीत चढता येईल का. बेलापूरला कुठल्या बाजूला उतरायचं. आणि शेवटचा, अगदी बारीक अक्षरात : चुकलं तर लोक हसतील.

पहिल्याला उत्तर महिनाभराच्या क्लासचं निघालं. धाकट्याचं सासूबाईंनी परस्पर मिटवलं. "मी काय अंथरुणाला खिळलेय का आता?" म्हणाल्या. तिसऱ्या-चौथ्यासाठी एका रविवारी आम्ही दोघी लोकलनं बेलापूरला जाऊन, चहा पिऊन परत आलो. पाचव्याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

सुरेखाताई सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्याआधी मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारतही त्यांनी आणली होती. मुमताज काझींसारख्या आणखी बायका मोटरमनच्या केबिनमध्ये बसल्या, त्यामुळे आता फलाटावर कुणी वळून बघत नाही. कौतुक कमी झालं, पण हे बरंच झालं म्हणायचं.

आणि वहिनी? पहिल्याच दिवशी घाईघाईत एक स्टेशन आधी, खारघरलाच उतरल्या. मागची गाडी पकडून दहा-पंधरा मिनिटं उशिरा ऑफिसात पोचल्या. "हसले का गं लोक?" मी संध्याकाळी विचारलं. "एक जण हसला," त्या चपला काढता काढता म्हणाल्या, "पण पास मी तीन महिन्यांचा काढलाय."